पांढऱ्या चिंधीचे पिंप

पुरवणी जबाब

मी, वय ६१ वर्षे, धंदा – घरच्या इंजिनदुरुस्ती व चाचणीच्या कारखान्यात इंधन तयार करणे व तपासणे, त्याआधी शाळेत रसायनशास्त्राची शिक्षिका, राहणार कारखान्याच्याच आवारात मागच्या तीन खोल्या (नाव व पूर्ण पत्ता वरच्या रकान्यात लिहून दिला आहे), आज सकाळी पोलीस ठाण्यात स्वतःहून, कोणी न बोलावता हजर राहून सांगते की,

वरील ठिकाणी मी माझ्या पतींसह राहते. कारखाना माझे पती व माझे धाकटे दीर या दोघा भावांचा आहे. दीर पुढच्या इमारतीत राहतात. त्यांना मी भाऊजी म्हणते. जबाब लिहून घेणाऱ्या शिपाई मुलीने मला विचारले, "काकू, मिस्टरांचं नाव घेऊन सांगा ना, लिहायला सोपं पडेल." मी सांगितले की लग्नाला चाळीस वर्षे होत आली, मी त्यांना 'हे' असेच म्हणत आले आहे आणि नावाने सांगू लागले तर कोणा तिसऱ्याच माणसाबद्दल बोलते आहे असे मला वाटेल. तिने हरकत घेतली नाही. म्हणून या जबाबात 'हे' असे आहे.

काल दुपारी कारखान्याच्या आवारात आग लागली. त्यात लाँच कंपनीचे इंजिनिअर साहेब भाजले. आग विझल्यावर हवालदारांसमोर मी एक वाक्य बोलले. ते लिहून घेतले गेले आणि त्यावरून आमचे मिस्त्री काल संध्याकाळपासून या ठाण्यात आतल्या खोलीत बसवून ठेवलेले आहेत. वाक्य माझेच आहे. मी ते नाकारत नाही. ते कशावरून बोलले ते सांगायला आले आहे. पहिल्यापासून सांगते, म्हणजे मधले काही गाळले असे कोणी म्हणायला नको.

आमच्याकडे वनस्पती तेलापासून डिझेल तयार करतात. ही कल्पना ह्यांची. आम्ही ते पहिल्यांदा केले ते स्वयंपाकघरात, तळणाचे उरलेले तेल काचेच्या बरणीत घालून. तेल कोमट करायचे, त्यात कॉस्टिक सोडा विरघळवलेले मिथेनॉल घालायचे, हलवायचे आणि मग हात बांधून बसायचे. थोड्या वेळाने तळाला मधासारखे ग्लिसरीन बसते आणि वर पिवळे, पातळ, स्वच्छ डिझेल राहते. हे बरणीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. मला हाक मारून म्हणाले, "अगं, बघ तरी. आपोआप वेगळं होतंय." त्या दिवशी चूल पेटली नाही, आम्ही दोघांनी पाव खाल्ला. याचा तपासाशी संबंध नाही असे मला सांगण्यात आले, म्हणून इथे थांबते.

तपासाशी ज्याचा संबंध आहे ते असे. वर राहिलेले डिझेल तसेच वापरता येत नाही. त्यात थोडे मिथेनॉल आणि थोडा साबण उरलेला असतो. म्हणून ते धुवावे लागते. पिंपात वरून पाण्याचा हलका फवारा सोडायचा, पाणी खाली बसू द्यायचे, तळाच्या तोटीने बादलीत काढायचे, पुन्हा सोडायचे. पहिले पाणी दुधासारखे निघते. शेवटचे पाणी प्यायच्या पाण्यासारखे निघाले की तेल धुतले गेले. मग ते तापवून सुकवायचे. धुतलेल्या तेलात पेटती काडी टाकली तर काडी विझते. न धुतलेल्या तेलातले मिथेनॉल मात्र काडीला लगेच पकडते, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही.

धुतलेले पिंप आणि न धुतलेले पिंप बाहेरून सारखेच. म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. धुऊन झाले की धुणाऱ्याने तोटीला पांढरी चिंधी बांधायची. चिंधी नाही त्या पिंपाला हात लावायचा नाही. धुवायचे काम मी करते किंवा हे करतात. मिस्त्री करत नाहीत. ते म्हणतात, "तेल धुणारी माणसं मी तुमच्याकडेच पाहिली, ताई. उद्या पाणी वाळत घालाल."

मिस्त्रींविषयी मला विचारण्यात आले. ते सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. मला ते ताई म्हणतात, ह्यांना मालक. मी त्यांना पहिल्यापासून अहो-जाहो करते. तेलाच्या डिझेलवर त्यांचा राग होता हे खरे आहे. या डिझेलाने जुन्या नळ्यांचे रबर फुगते आणि जुन्या टाकीतला मळ सुटून फिल्टर तुंबतो. ते उपसायचे काम त्यांच्या वाट्याला येई. लाँचचे इंजिन चाचणीच्या ओट्यावर चढवले तेव्हा धुराला तळणाचा वास येऊ लागला, तसे ते मोठ्याने म्हणाले, "मालक, इंजिन खमंग चाललंय. उतरवू का, की अजून जरा लालसर होऊ देऊ?" हे इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. भार टाकून ताकद मोजली ती साध्या डिझेलपेक्षा किंचित कमी भरली, धूर बराच कमी निघाला. मिस्त्रींनी आकडे वाचले आणि म्हणाले, "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात. इथे धुपाटण्याचा धूरसुद्धा गेला." त्यांच्या तोंडून हीच स्तुती समजावी.

ही चाचणी पाण्यावर प्रवासी लाँच चालवणाऱ्या कंपनीसाठी होती. त्यांच्या सगळ्या लाँच या डिझेलवर चालवायच्या की नाही हे आमच्या चाचणीवर ठरणार होते. काल त्यांचे इंजिनिअर साहेब शेवटचे पाहायला येणार होते.

गेल्या काही महिन्यांपासून मला मिस्त्रींचा संशय येत होता, तेही सांगते, कारण तो मी भाऊजींना बोलून दाखवला होता आणि तो त्यांच्या तक्रारीत आला आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चाचणीची शेड दिसते. हे आपले काम आटोपून हात धुवायला घरात आले की मिस्त्री पान्हा घेऊन त्याच इंजिनाजवळ जात. इकडेतिकडे पाहात. ह्यांनी नुकत्याच आवळलेल्या नटाला पान्हा लावत आणि फिरवत. मी खिडकीत दिसले की पान्हा पायजम्याच्या खिशात घालत आणि उगीच आकाशाकडे बघत. असे मी बऱ्याच वेळा पाहिले. एकदा विचारलेही, "मिस्त्री, काय चाललंय?" ते म्हणाले, "काही नाही ताई, नटाला विचारत होतो, जेवलास का." मी भाऊजींना सांगितले की मिस्त्री ह्यांच्या कामाला काड्या घालत आहेत.

त्यानंतरचे भांडण. पंधरवड्यापूर्वी ऑफिसच्या खोलीत मिस्त्री आणि भाऊजी यांची बाचाबाची झाली. मी चहा घेऊन दारात होते. पाहुण्यांना डिझेल दाखवताना हे नेहमी एक खेळ करतात. काचेच्या वाडग्यात डिझेल घेतात, पेटती काडी त्यात टाकतात, काडी चुर्र होऊन विझते, आणि हे म्हणतात, "आमच्यात काडी घालून उपयोग नाही." पाहुणे हसतात. हा विनोद मी इतक्या वेळा ऐकला आहे की पाहुण्यांच्या आधी मी हसते. त्या दिवशी मिस्त्री भाऊजींना म्हणत होते, "काडीचा खेळ मालकांच्या हातात देऊ नका. मी करतो, नाहीतर ताई करतील. ऐका माझं. एक दिवस पेटेल." भाऊजी म्हणाले, "दादाच करणार. त्याच्यासारखं कोणाला जमतं? आणि तू कोण सांगणारा?" मिस्त्री म्हणाले, "मी कोणी नाही. म्हणून तर सांगतोय." आणि चहा न घेता गेले.

तक्रारीत भाऊजींनी यातले "एक दिवस पेटेल" एवढेच लिहिले आहे. वाक्य मिस्त्रींचेच आहे. त्याच्या आधीचे वाक्यही मिस्त्रींचेच आहे. त्या वेळी मलाही राग आला होता. नोकराने मालकाच्या हातातली काडी काढून घ्यावी असे बोलणे मला आवडले नव्हते.

कालच्या आधी दोन दिवस मी बहिणीकडे होते. तिच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. निघताना भांडाराच्या खोलीत दोन पिंपे भरलेली होती. एक नंबरचे मी आणि ह्यांनी मिळून धुतलेले होते, त्याला चिंधी होती. दोन नंबरचे नुकतेच तयार झाले होते, त्याला चिंधी नव्हती. मी ह्यांना सांगितले, "दोन नंबर धुवायचं राहिलंय. लक्षात राहील ना?" हे म्हणाले, "मी काय काल कामाला लागलोय?" बरोबर बोलले. तरी मी दाराशी पुन्हा सांगितले. ते म्हणाले, "अगं, जा. गाडी चुकेल." भांडाराची किल्ली दोघांकडे असते, ह्यांच्याकडे आणि मिस्त्रींकडे.

काल सकाळी मी परत आले. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बटण एक घर वर लागले होते, ते मी नीट केले. भांडारात जाऊन पाहिले, दोन्ही पिंपांना चिंध्या होत्या. ह्यांना विचारले. हे म्हणाले, "धुतलं की. चांगलं चार-पाच पाण्यांतून काढलं. शेवटी तर चष्मा ठेवावा त्यात, इतकं स्वच्छ." मी निश्चिंत झाले. त्या वेळी मी बादल्या पाहिल्या नाहीत. त्या भांडाराच्या मागे, मोरीपाशी होत्या.

दुपारी बाराच्या सुमारास इंजिनिअर साहेब आले. तरुण आहेत, नम्र आहेत, सारखे "थँक्यू काकू" म्हणत होते. इंजिन पाहिले, आकडे पाहिले, समाधान वाटले. भाऊजी म्हणाले, "आता दादाचा खेळ बघा." शेडच्या बाहेर अंगणात टेबल मांडले होते, डोक्यावर ऊन होते. ह्यांनी स्वतः दोन नंबरच्या पिंपातून वाडगा भरून आणला. मिस्त्री शेडच्या दारात उभे होते. त्यांनी वाडग्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, म्हणजे चिंधी आहे, मी पाहिली आहे. ते दारातच राहिले.

ह्यांनी काडी ओढली, टाकली. काडी विझल्यासारखी काळी पडली. हे म्हणाले, "आमच्यात काडी घालून उपयोग नाही." मी हसले. इंजिनिअर साहेबही हसले आणि जवळून पाहायला वाडग्यावर वाकले. त्यांच्या शर्टाची बाही वाडग्यावर गेली आणि आपोआप तपकिरी झाली. ज्योत कोणालाच दिसली नव्हती. मग एकदम दिसली. त्यांनी हात झटकला, वाडगा उलटला, तेल टेबलावरून खाली पसरले आणि शेडच्या दाराजवळच्या गोणपाटाने पेट घेतला. मिस्त्रींनी इंजिनाची नळी बंद केली, साहेबांवर पोते टाकले आणि त्यांना जमिनीवर लोळवले. त्यात मिस्त्रींची भुवई जळली. ती आपण आज पाहू शकता. भाऊजींनी वाळू टाकली. हे टेबलाजवळ उभे होते, काड्यापेटी हातात. मी त्यांना धरून बाकावर बसवले आणि ओले फडके हातात दिले. त्यांच्या हाताला काही झाले नव्हते. साहेबांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आहे. ते दवाखान्यात आहेत. काल रात्री मी त्यांच्या आईशी फोनवर बोलले. त्या काय म्हणाल्या ते इथे नको.

थोड्या वेळाने हवालदार आले. भाऊजींनी त्यांना सांगितले की कोणीतरी पिंपात पेट्रोल मिसळले आहे आणि तो कोणीतरी कोण हे सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र पेट्रोलचा वास आला नव्हता. मी म्हटले, पिंप तपासू. मिस्त्रींनी माझ्यासाठी दोन नंबरचे पिंप कलते धरले, मी काचेच्या बाटलीत अर्धे तेल घेतले, अर्धे पाणी घातले, बूच लावून हलवले. ही आमची साधी परीक्षा आहे. धुतलेले तेल लगेच वर येते आणि पाणी खाली स्वच्छ राहते. माझ्या बाटलीत पाण्याचे दूध झाले. पेट्रोलने असे होत नाही, साबणाने होते. पिंपात कोणी काही मिसळले नव्हते. ते धुतलेच नव्हते. बाटली मी सोबत आणली आहे, ती ताब्यात घ्यावी. रात्रभर ठेवूनही ती फुटलेल्या दुधासारखीच दिसते आहे.

मग मी तोटीची चिंधी पाहिली. तिला सुरगाठ होती, बुटाच्या नाडीसारखी, दोन कान असलेली. मिस्त्री गाठ कधी मारत नाहीत, ते कोणतीही वस्तू बांधायला तार घेतात आणि पक्कडीने पिळतात. त्यांच्या छत्रीची काडीसुद्धा तारेने पिळलेली आहे. चिंधी पांढरी होती, तिला निळी किनार होती. ती उशीच्या खोळीची होती. चिंध्या मी जुन्या खोळींच्या फाडून ठेवते. ही खोळ जुनी नव्हती. मी बहिणीकडे जाताना ती माझ्या उशीवर होती. मिस्त्री आमच्या झोपायच्या खोलीत आजवर कधी आलेले नाहीत.

मी भांडाराच्या मागे जाऊन बादल्या पाहिल्या. धुवायचे पाणी ओळीने काढून ठेवले होते. आमच्याकडे ते सगळे तसेच ठेवतात, शेवटी एकदम तपासून ओततात. पहिली बादली दुधासारखी असायला हवी होती. पहिलीपासून शेवटचीपर्यंत प्रत्येक बादली स्वच्छ होती, तळ दिसत होता. म्हणजे धुणे झाले होते. मन लावून झाले होते. धुतलेले एक नंबरचे पिंपच पुन्हा धुतले गेले होते, आणि चिंधी दोन नंबरला बांधली गेली होती.

ज्या माणसाने आयुष्यात एक नट ढिला ठेवला नाही त्याने तेच पिंप पुन्हा धुतले, आणि पहिलेच पाणी स्वच्छ निघाले तरी त्याला नवल वाटले नाही, हे मी मोरीपाशी उभी राहून समजून घेत होते. त्याबरोबर इतर गोष्टीही आपोआप वेगळ्या होऊ लागल्या. मागच्या महिन्यात ह्यांनी स्वतः बांधलेल्या इंजिनाकडे पाहून विचारले होते, "हे कोणाचं आलंय दुरुस्तीला?" मिस्त्री लगेच म्हणाले होते, "मालक चेष्टा करतायत." मी हसले होते. चहात ह्यांनी मीठ घातले तेव्हा मी डबे सारखे दिसतात म्हणून डबे बदलले. मिस्त्री पान्हा घेऊन ह्यांच्या मागून इंजिनाजवळ का जात होते, तेही मोरीपाशीच कळले. ते नट सोडत नव्हते. सुटलेले आवळत होते.

मी परत भांडारात आले. हातात बाटली आणि चिंधी होती. मिस्त्री पिंपाजवळच माझ्यासमोर उभे होते. हवालदार आणि भाऊजी दारात होते. बाकावर हे बसले होते, ते दारातून मला दिसत होते, इतरांच्या पाठीमागे होते. भाऊजींनी विचारले, "वहिनी, काय निघालं? कोणी केलं हे?"

मी म्हटले, "हे ह्यांनी केलं."

हे ते वाक्य.

हवालदारांनी विचारले, "ह्यांनी म्हणजे?" भाऊजींनी मिस्त्रींकडे पाहिले. त्यांनी बोट दाखवले नाही, काही म्हटले नाही, फक्त पाहिले. हवालदारांनी लिहून घेतले. हवालदारांची चूक नाही. मी मिस्त्रींनाही मानाने बोलते, ते माझ्यासमोर उभे होते, कोणीही तोच अर्थ घेतला असता. पण भाऊजी कोणीही नाहीत. माझे लग्न झाले तेव्हा ते शाळेत होते. 'हे जेवले का', 'हे आले का', 'ह्यांना सांगू नका' असे मी त्यांना आजवर हजारदा म्हटले आहे. मी 'हे' कोणाला म्हणते हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी ते का सांगितले नाही याची विचारणा त्यांच्याकडे करावी. मला एवढेच माहीत आहे की रागावलेला मिस्त्री काढून टाकता येतो आणि लाँचचे काम राहते.

मीही त्या वेळी खुलासा केला नाही. का केला नाही ते हवे असल्यास लिहून घ्यावे. हे बाकावर बसून ओल्या फडक्याने एकेक बोट पुसत होते. माझी नजर गेली तशी त्यांनी वर पाहिले आणि हसले. काम नीट झाल्यावर हसतात तसे.

मिस्त्रींना हवालदार घेऊन निघाले तेव्हा ते कशाचीही तक्रार न करता गाडीकडे गेले. जाताना मला म्हणाले, "ताई, मी बसतो जाऊन यांच्याबरोबर. तुम्ही मालकांचं बघा." तेव्हा मला कळले की वाक्य त्यांनाही बरोबर कळले होते. तेही तीस वर्षे ऐकत आले आहेत.

भाऊजी काल संध्याकाळी घरी आले. म्हणाले, "वहिनी, दोन दिवसांत सोडतील त्याला. कोर्टात काही टिकणार नाही. तोवर कंपनीला काय सांगायचं ते मी बघतो. दादाचं नाव कशाला मध्ये आणता? बाहेर कळलं तर त्याच्याकडे इंजिन कोण आणेल?" मी विचारले, "भाऊजी, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" ते म्हणाले, "काय माहीत आहे?" मी पुन्हा विचारले नाही. त्यांच्या भावाचे नाव त्यांनाही प्रिय आहे असे मी समजते. पण माझ्या मनातला संशय गेलेला नाही, आणि तो खरा की खोटा हे मला सांगता येणार नाही, म्हणून तो संशय म्हणूनच लिहावा.

तरी माझ्या कालच्या वाक्यातील 'ह्यांनी' म्हणजे मिस्त्रींनी नव्हे. ह्यांनी म्हणजे माझ्या पतींनी. त्यांनी ते जाणूनबुजून केलेले नाही. त्यांनी काय केले हे त्यांना माहीत नाही. त्यांना डॉक्टरकडे मी आजवर नेलेले नाही. आता नेणार आहे. इंजिनिअर साहेबांच्या हाताची जी जबाबदारी असेल ती कारखान्याची आहे, आणि चिंधी पाहून मान हलवली ती मी. मिस्त्रींना जाऊ द्यावे.

माझे पती माझ्याबरोबर आले आहेत. बाहेर बाकावर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले आहेत. त्यांना जे विचारायचे ते माझ्यासमोर विचारावे, एका वेळी एकच विचारावे आणि उत्तराला घाई करू नये. शर्टाची बटणे आज त्यांनी स्वतः लावली आहेत, ती बरोबर आहेत.

जबाब चालू असताना आतल्या खोलीचे दार उघडले. पाणी द्यायला असावे. ह्यांना आत मिस्त्री दिसले. ते उठून दारापाशी गेले आणि म्हणाले, "अरे मिस्त्री, तुम्ही इथे? इंजिन कुठंय?"

मिस्त्री म्हणाले, "इथलंच एक आहे मालक. जुनाट आहे, वेळ खातंय. होईल आता."

हे म्हणाले, "मग मी थांबतो. एकट्याने उचलू नका." आणि परत बाकावर जाऊन बसले. ही गोष्ट लिहून घेणाऱ्या मुलीने माझ्याबरोबर ऐकली आहे. ती लिहू का, असे तिनेच मला विचारले. मी हो म्हटले.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. वाचताना एका जागी 'हे' खोडून 'सदर इसम' असे केलेले आढळले, ते पुन्हा 'हे' करून घेतले आहे. या जबाबात माझ्या बोलण्यात जिथे माणसासाठी 'हे', 'ह्यांनी', 'ह्यांना' आले आहे, तिथे माझे पती समजावेत, दुसरे कोणी समजू नये. याखाली मी सही करते.